खोक्यातली शाळा

पोरांना घरी शिकवायचं ठरवलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते घरपोच येतात. कुरिअरवाला खोकं आणून देतो, आपण कात्रीनं टेप कापतो आणि आतून नवा किस्सा निघतो. गेल्या वर्षभरात आमच्याकडे इतके साठलेत की आमच्यातली प्राजक्ता म्हणाली, लिहून काढ, लोक हसतील. लोकांनी खुशाल हसावं. मला मात्र यातल्या बहुतेक वेळी संताप आला होता, आणि लिहिताना तो पुन्हा येतोय, हे आधीच सांगून ठेवते.

आम्ही चार घरं. मी बारामतीची. नवरा सचिन एमआयडीसीत शिफ्टला जातो आणि घरात माझे सासरे आहेत, आबा, निवृत्त मुख्याध्यापक. प्राजक्ता वालचंदनगरला स्टाफ क्वार्टरमध्ये राहते, तिचा नवरा इंजिनियर. रुक्साना इंदापूरची. खाली नवऱ्याचं हार्डवेअरचं दुकान, वर घर. आणि चौथे पळसदेवचे दत्ताराव, शेती करणारे, त्यांचा भाऊ उजनीत जाळी टाकतो. प्रत्येकानं आपलं पोर शाळेतून का काढलं याची कारणं वेगळी, पण डोकेदुखी एकच. आता शिकवायचं कशातून? कुठली पुस्तकं, कुठलं किट, कुठलं ॲप? महिन्यातून दोन रविवार आम्ही एकत्र बसून ते ठरवायचो. एकानं मागवायचं, चौघांत फिरवायचं.

यात मी सगळ्यात भांडकुदळ. दूध डेअरीच्या लॅबमध्ये अकरा वर्षं काढली आहेत मी. समोरचा माणूस "एकदम चोख आहे मॅडम" म्हणाला की माझा हात आपोआप टेस्ट ट्यूबकडे जातो.

*

माझ्या रागाचं कारण म्हणजे ओवी. माझी मुलगी, आठ वर्षांची.

दुसरीत असताना तिच्या बाईंनी वर्गात एक खेळ काढला होता. एकानं उभं राहून धडा वाचायचा, आणि तो चुकला की सगळ्या वर्गानं एक टाळी वाजवायची. ओवी हळू वाचायची. तिच्या एका धड्याला इतक्या टाळ्या पडल्या की शेजारच्या वर्गातले सर कुणाचा वाढदिवस आहे का, म्हणून डोकावून गेले.

मी शाळेत भांडायला गेले. बाई हसून म्हणाल्या, "अहो, मुलं एन्जॉय करतात!"

एन्जॉय न करणारी एक जण त्या दिवसापासून मोठ्यानं वाचायची बंद झाली. मनात वाचत होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता, कारण खोलीत माणूस आलं की ती पुस्तक मिटायची. मी गेले तरी मिटायची. मी तिची आई आहे, आणि मला पाहून ती पुस्तक पाठीमागं लपवायची. हे आठवलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

मी तिला शाळेतून काढली. आबांनी दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. चाळीस वर्षं ज्यानं शाळा चालवली त्याच्या घरातली पोर शाळेबाहेर! तिसऱ्या दिवशी त्यांनी मला आणि सचिनला समोर बसवलं.

"एक वरीस देतो," ते म्हणाले. "म्होरच्या जूनला तिनं माज्यापुढं एक पान मोठ्यानं वाचायचं. न्हाय वाचलं तर त्याच शाळंत, त्याच बाईंच्या वर्गात. मग मला कुणी काय सांगायचं न्हाय."

सचिननं मान हलवली. आबांपुढं तो अजून चौथीतच आहे.

*

पहिला विक्रेता आला तो टाय लावून, ऑक्टोबरच्या उन्हात. रुक्सानाच्या दुकानावरच्या खोलीत आम्ही चारही घरं जमलो होतो. त्यानं खोकं उघडलं. झाकणावर लिहिलेलं, संपूर्ण प्राथमिक शिक्षण एकाच संचात. मग त्यानं पुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडलं. काय ते पान! गुबगुबीत ससा, टपोरी अक्षरं, कागद असा की हात फिरवत राहावं. प्राजक्ता वा म्हणाली. दत्ताराव पण वा म्हणाले.

आता दुधाचं असं असतं, की कॅन तसाच उभा राहिला की मलई वर येते. वरवरचं सॅम्पल घेतलं तर कुठलंही दूध छान निघतं. म्हणून कॅन तळापासून ढवळल्याशिवाय आम्ही सॅम्पल घेत नाही. मी त्याच्या हातातून पुस्तक घेतलं आणि बरोबर मधलं पान उघडलं.

ते पालकांसाठी होतं. सकाळी नऊ ते अकरा, पालक क्रमांक एक गणित कोपऱ्यात बसतील. त्याच वेळी पालक क्रमांक दोन वाचन कोपऱ्यात. तिसरी प्रौढ व्यक्ती दोन्हीकडच्या नोंदी ठेवेल.

मी ते सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग विचारलं, सकाळी नऊला तीन मोठी माणसं मोकळी असलेलं घर तुम्ही पाहिलंय का? माझा नवरा त्या वेळी मशिनवर असतो, नाहीतर रात्रपाळी करून झोपलेला असतो. रुक्सानाचे मालक दुकानाचं शटर वर करत असतात. दत्ताराव उसाला पाणी देत असतात. आणि आम्ही बायका कुठल्या कोपऱ्यात असतो ते स्वयंपाकाची वेळ बघून तुम्हीच सांगा.

तो म्हणाला, थोडं ॲडजस्ट करता येतं मॅडम.

मी म्हटलं, "तुमच्या घरी कोण कुठल्या कोपऱ्यात बसतं?"

त्यानं टाय सैल केला. "मॅडम, माझी मुलं शाळेत जातात."

त्यानंतर मी प्रत्येक विक्रेत्याला हाच प्रश्न विचारला. सगळ्यांची मुलं शाळेत जात होती. एकाची तर हॉस्टेलला होती.

*

मधलं पान उघडायचं, हा मग आमचा नियमच झाला. कुणी काही नवीन आणलं की चौघं एकमेकांकडं बघायचो, कुणीतरी मधलं पान उघडायचं, आणि दहातल्या आठ वेळा सगळे एका सुरात म्हणायचो, रिजेक्ट. दत्तारावांना तो शब्द फार आवडला. त्यांनी गावातल्या दोन सोयरिकीसुद्धा त्याच शब्दात मोडल्या.

पण किटला पान कुठलं? विज्ञानाचं एक किट आलं, पाण्यातली जीवसृष्टी. वाटणीत ते आधी पळसदेवला गेलं. आत भिंग, दोन ड्रॉपर, कोरी वही आणि प्लॅस्टिकचा निळा मासा. सूचना अशी होती की माशाचे निरीक्षण करा आणि पाच गोष्टी लिहा.

दत्तारावांची मुलगी स्वरा नऊ वर्षांची. तिच्या दारात रोज सकाळी जिवंत मासे टोपल्यातून उतरतात. तिनं तो मासा हातात घेतला, उलटसुलट केला आणि बापाला म्हणाली, "आप्पा, ह्यो मासा न्हाय. शेपूट आडवी हाय."

खरंच आडवी होती. माशाची शेपूट उभी असते, डावी-उजवी हलते. स्वरानं वहीत पाचच्या पाच गोष्टी त्या शेपटीबद्दल लिहिल्या. दत्तारावांनी कौतुकानं त्या पानाचा फोटो कंपनीला पाठवला. त्यांना वाटलं, कंपनी खूश होईल, पोरीला शाबासकी देईल.

आठवड्यानं उत्तर आलं. आमचा मासा तज्ज्ञांनी मंजूर केलेला आहे. कृपया विद्यार्थ्यानं उत्तरसूचीप्रमाणे दुरुस्ती करावी.

मी तणतणले, त्या तज्ज्ञाचा पत्ता काढा म्हटलं. दत्ताराव शांत. म्हणाले, "जाऊ द्या वैनी. त्यानं मासा ताटातच बघितला असंल."

*

मग आली ती शिकण्याची शैली. मुलाला काय शिकवायचं ते ठरवण्याआधी मूल कसं शिकतं ते ओळखा, अशी एक ऑनलाइन टेस्ट होती. पन्नास प्रश्न. ते भरले की मुलाचा रिपोर्ट येणार आणि रिपोर्टप्रमाणे पुस्तकं सुचवणार.

मी ओवीची टेस्ट भरली. रिपोर्ट आला. आपले मूल हळव्या मनाचे असून ते स्वतःच्या गतीने शिकते, त्याला रंगीत खडू आणि भरपूर कौतुक द्या. मी खोटं सांगणार नाही, तो वाचून मी ओट्याशी उभी राहून रडले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या पोरीला बरोबर ओळखलं होतं.

प्राजक्तानं तिच्या मुलाची टेस्ट नवऱ्याला भरायला दिली. इंजिनियर माणूस. विद्यार्थी म्हणजे फॉर्म भरणारा, असं समजून त्यानं सगळं स्वतःबद्दल भरलं, आणि तेही प्रामाणिकपणे. एका जागी किती वेळ बसता? दहा मिनिटं. सूचना एकदा सांगून कळते का? नाही. जेवताना लक्ष कुठं असतं? मोबाईलमध्ये. नकार मिळाल्यावर काय करता? फुगून बसतो.

त्याचा रिपोर्ट आला, आपले मूल सहा ते सात वर्षांच्या टप्प्यावर आहे. प्राजक्ता म्हणाली, एवढा अचूक रिपोर्ट तिनं पाहिला नव्हता. आम्ही सगळे पोट धरून हसलो. मग ती पुढं वाचायला लागली.

आपले मूल हळव्या मनाचे असून ते स्वतःच्या गतीने शिकते, त्याला रंगीत खडू आणि भरपूर कौतुक द्या.

शब्द न् शब्द तोच. माझं हसू तिथंच थांबलं. चव्वेचाळीस वर्षांचा मिशीवाला माणूस आणि माझी ओवी, दोघं हळव्या मनाची. ज्या वाक्यावर मी रडले होते ते कारखान्यातून निघालेल्या साबणाच्या वडीसारखं सगळ्यांना एकच होतं. त्या दिवशी माझा संताप बघून प्राजक्ताच्या नवऱ्यानं मला पाणी आणून दिलं. हळवा आहे, खरंच.

*

आबा हे सगळं आरामखुर्चीतून बघत होते. एक दिवस त्यांनी माळ्यावरून त्यांचा स्वतःचा अभ्यासक्रम खाली काढायला लावला. बाराखडीचा कापडी तक्ता, कडा जीर्ण झालेल्या, आणि तक्त्यावर अक्षर दाखवायची वेताची काठी. म्हणाले, ह्या तक्त्यावर निम्मा तालुका वाचायला शिकलाय, तुमची खोकी ठेवा बाजूला.

मी म्हटलं, ठीक आहे आबा, पण नियम सगळ्यांना सारखा. टेस्ट होणार.

ते हसले. "तक्त्याला मधलं पान नसतंय, सूनबाई."

तक्ता भिंतीला लावला. ओवीला बोलावलं. ती आली, तक्ता बघितला, काठी बघितली आणि जाऊन बाथरूमची कडी लावून बसली. अर्धा तास बाहेर आली नाही.

माझ्या तोंडून निघून गेलं, "रिजेक्ट."

सचिननं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी आबांच्या मुस्काटात मारली होती. आबा उठून आपल्या खोलीत गेले. तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या हातचा चहासुद्धा सचिनच्या हातून घ्यायचे. मीही माफी मागितली नाही. माझी पोरगी कडी लावून बसली होती, माफी कशाची मागायची?

चौथ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "तक्त्यामुळं का काठीमुळं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी काठी माळ्यावर परत गेली होती. तक्ता भिंतीवरच राहिला. आणि जूनची मुदतही तशीच राहिली.

*

आता ज्या किश्शानं मला सगळ्यात जास्त भडकवलं तो सांगते.

प्राजक्तानं वाचनाचं एक ॲप घेतलं. त्यात मूल मोबाईलसमोर वाचतं आणि मोबाईल ऐकतो. मला ते एकदम पटलं. खोलीत माणूस नको ना ओवीला? मग माणूस नाहीच! मी मधलं पान उघडून बघितलं, म्हणजे मधला धडा. साधा, सरळ, मराठी. मीच पास केलं.

ओवीला सांगितलं, तू आणि मोबाईल, दुसरं कुणी नाही. मी दार लोटून घेतलं आणि भाजी चिरायला बसले. पाच मिनिटं काही नाही. मग आतून बारीक आवाज आला. अडखळत, पण आवाज. नऊ महिन्यांनी! माझ्या हातातली गवार तशीच राहिली. तिनं एक ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरी पूर्ण केली.

आणि मोबाईलमधून टाळ्या वाजल्या. एका हॉलमधल्या शंभर माणसांनी वाजवाव्यात तशा कडकडून टाळ्या.

मी आत गेले तेव्हा मोबाईल पलंगाखाली पडला होता आणि ओवी कपाट आणि भिंतीच्या फटीत जाऊन बसली होती. टाळ्या अजून चालूच होत्या.

मी कस्टमर केअरला फोन लावला. माझा आवाज ऐकून शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. पलीकडची मुलगी फार नम्र होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, टाळ्या मोटिव्हेशनसाठी असतात. त्या बंद करता येत नाहीत."

मी विचारलं, का करता येत नाहीत?

ती म्हणाली, आतापर्यंत कुणी मागितलंच नाही.

मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. फोन ठेवला तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती मुलगी मधेच केव्हातरी फोन कट करून गेली होती आणि मी नुसत्या मोबाईलवर ओरडत होते.

*

त्यानंतरच्या रविवारी मी इंदापूरला गेले ती धुमसतच. रुक्सानाला म्हटलं, सहा महिने आपण एवढी पारख केली, एवढं रिजेक्ट केलं, जे पास केलं ते सगळं उत्तम होतं. तुझी आयेशा तर घडाघडा वाचायला लागली. मग माझ्याच पोरीला काहीच का लागू पडत नाही?

रुक्साना मोजकं बोलणारी बाई. तिनं माझ्यापुढं शिरखुर्म्याची वाटी ठेवली आणि म्हणाली, "ताई, एक विचारू? रागावू नका. पास-रिजेक्ट कुणाच्या हातात देऊन ठरवलं आपण?"

मी म्हटलं, मधल्या पानावरून.

"ते आपलं झालं. पोरांपैकी कुणाला दिलं?"

नवीन काही आलं की पहिल्यांदा वाचायला आयेशाच्या हातात द्यायचो आम्ही. का, तर ती हुशार. चटकन वाचायची, सगळ्यांना छान वाटायचं, विषय संपायचा.

"माज्या पोरीला तुमी साबणाचं वेष्टन द्या, ती वाचती," रुक्साना म्हणाली. "ती पास हुनारच. तुमच्या पोरीला तुमी कदी विचारलं?"

अकरा वर्षं लॅबमध्ये काढलेली बाई मी. कुणी गोठ्यातल्या सगळ्यात चांगल्या म्हशीचं सॅम्पल आणून अख्ख्या गावाचं दूध पास करा म्हणाला असता तर त्याला मी गेटबाहेर काढला असता. आणि घरी बरोबर तेच करत होते. वर्षभर सगळ्या जगावर ओरडले, विक्रेत्यावर, तज्ज्ञावर, त्या बिचाऱ्या फोनवरच्या मुलीवर. त्या दिवशी एसटीत बसून स्वतःवर जेवढी चिडले तेवढी कुणावरच चिडले नव्हते.

*

घरी आले आणि होतं नव्हतं ते सगळं हॉलच्या फरशीवर मांडलं. पुस्तकं, कार्डं, विक्रेते नमुन्याला ठेवून गेलेले संच, सरकारी पाठ्यपुस्तकं, आबांचा तक्तासुद्धा. ओवीला म्हटलं, आज टेस्ट तू घे. वाचू नकोस. नुसतं पास की रिजेक्ट सांग.

तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मग मी लॅबमधून आणलेला जुना पांढरा कोट तिला घातला. तो तिच्या टाचांपर्यंत आला. तिनं बाह्या दुमडल्या आणि कामाला लागली.

ससा रिजेक्ट. खोकं रिजेक्ट. चित्रांची कार्डं रिजेक्ट. मी निमूटपणे उचलून कोपऱ्यात ठेवत होते. दोन पुस्तकं तर मी स्वतः पुण्याहून मागवली होती आणि मला फार आवडली होती. ती तिनं चाळलीसुद्धा नाहीत, नुसती शेवटची पानं बघितली आणि बाजूला टाकली. माझा पारा चढायला लागला होता, पण कोट तिच्या अंगावर होता.

शेवटी एक उरलं. कुठल्याशा संचाबरोबर फुकट आलेलं, सोळा पानांचं, पातळ कागदाचं गोष्टीचं पुस्तक. विहिरीवरच्या सुगरणीच्या घरट्याची गोष्ट. चित्रं काळीपांढरी. आम्ही चौघांनी त्याचं मधलं पान उघडण्याचेही कष्ट घेतले नव्हते.

"हेच का गं?" मी विचारलं.

ती म्हणाली, "ह्याच्या शेवटी प्रश्न न्हाईत."

मी कोपऱ्यातला ढीग पुन्हा उपसला. एकूण एक पुस्तकात, प्रत्येक गोष्टीखाली प्रश्न होते. सांगा पाहू. ओळखा पाहू. आपल्या वर्गमित्रांना वाचून दाखवा. मी कधी तिकडं बघितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून रोज दुपारी ती ते पुस्तक घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लावायची. मी दाराला कान लावला नाही. कशाला खोटं बोलू, लावला. पंख्याच्या आवाजाशिवाय काही ऐकू आलं नाही. ती वाचते की नुसती चित्रं बघते, मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि जून लागला.

*

शाळा सुरू व्हायच्या आधीचा रविवार. आबांनी सकाळीच आंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. पंचाहत्तरीचा माणूस, पण त्या दिवशी आरामखुर्चीत न बसता लाकडी खुर्चीवर ताठ बसला. समोर स्टूल. स्टुलावर ते सुगरणीचं पुस्तक, कारण मी हट्ट धरला होता की पुस्तक तिच्या पसंतीचं असेल. सचिन टीव्हीजवळ उभा, टीव्ही बंद. मी स्वयंपाकघराच्या दारात. प्रवेशाचा फॉर्म आबांच्या खिशातून डोकावत होता. तो त्यांनी आदल्या दिवशीच शाळेतून आणून, स्वतःच्या हातानं भरून ठेवला होता.

ओवी आली. पुस्तक उचललं.

आबा म्हणाले, "वाच."

ती उभी राहिली. मिनिट गेलं, दोन गेली. सचिन माझ्याकडं बघत होता आणि मी त्या खिशातल्या फॉर्मकडं बघत होते. मनात ठरवून टाकलं होतं की आता भांडण होणार, मोठं होणार, आणि मी हे घर डोक्यावर घेणार.

आबांनी खिशाकडं हात नेला.

"आबा," ओवी म्हणाली, "तुमी बाहेर उभं राहा."

सचिन पुढं झाला, "ओवी, आबांशी असं बोलतात?" मीही काहीतरी बोलणार होते. आबांनी हातानंच दोघांना थांबवलं. ते तिच्याकडं बघत राहिले. ती त्यांच्याकडं बघत होती, आणि तिनं पुस्तक मिटलं नव्हतं.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठले. चपला न घालता दाराबाहेर गेले आणि पोर्चमध्ये भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"आई, पप्पा, तुमी पण."

आम्हीही गेलो. दार आतून ढकललं गेलं. बाहेर दुपारचं ऊन, पोर्चची फरशी तापलेली. आबा अनवाणी पायानं उभे, हात मागं बांधलेले. मी चपला पुढं सरकवल्या, त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

बराच वेळ काही नाही. मग खिडकीच्या जाळीतून आवाज आला.

हळू. एकेक शब्द. मधे थांबायची, पुन्हा मागं जायची, पुन्हा धरायची. एका शब्दाला अडखळली, तीनदा अडखळली. आबांनी तो शब्द सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटून घेतलं. चौथ्या वेळी तिनं तो स्वतः घेतला आणि पुढं गेली. एक पान झालं. ती थांबली नाही. पान उलटल्याचा आवाज आला.

तेवढ्यात रस्त्यावरून मारुती आला, एमआयडीसीतून शिफ्ट संपवून, मोटारसायकलवर. आबांचा जुना विद्यार्थी. आम्हा तिघांना भिंतीला लागून उन्हात उभं बघून त्यानं गाडी फाटकापाशी आणली, पाय टेकवला आणि इंजिन तसंच चालू ठेवून विचारलं, "गुर्जी, काय झालं? असं बाहेर का उभं?"

आबांनी मान न वळवता सांगितलं, "उभं केलंय मला. गाडी बंद कर, वाचतीय ती."